पेटीचा कोपरा आणि राउटरचा साचा

लाकडी पेटी जुनी झाली म्हणजे ती सहसा फळीत मोडत नाही, कोपऱ्यात उकलते. चांगल्या सागवानाची फळी पन्नास वर्षे टिकते. परंतु दोन फळ्या जेथे काटकोनात भेटतात ती जागा त्याआधीच ढिली होते. खिळे गंजतात, सरस सुटतो आणि पेटी उचलताच तिच्या बाजू एकमेकींपासून अलग होतात. ह्याचे कारण लाकडाच्या घडणीत आहे.

लाकूड म्हणजे लांबट, सूक्ष्म नळ्यांचा घट्ट बांधलेला जुडगा होय. फळीच्या पृष्ठावर व कडांवर ह्या नळ्या आडव्या पडलेल्या असतात. तेथे सरस लावला तर त्याचा थर पृष्ठावर राहतो व दुसऱ्या फळीला घट्ट धरतो. फळीच्या टोकाला मात्र नळ्यांची तोंडे उघडी असतात. तेथे लावलेला सरस आत शोषला जातो आणि धरून ठेवण्यास पृष्ठावर फारसे काही उरत नाही. एका फळीचे टोक दुसरीच्या पृष्ठावर नुसते टेकवून चिकटविले तर तो सांधा दुर्बळ का होतो, हे ह्यावरून ध्यानात येईल.

ह्यावर सुतारांनी फार पूर्वीपासून एक उपाय योजिला आहे. दोन्ही फळ्यांच्या टोकांना आलटून पालटून दाते व खाचा कापावयाच्या आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावी तसे ते एकमेकांत बसवावयाचे. ह्या दातेरी सांध्यात दात्यांच्या बाजू एकमेकींना भिडतात आणि ह्या बाजूंवर नळ्या आडव्याच असतात. उदाहरणार्थ, १२ मि.मी. जाडीची व १२० मि.मी. रुंदीची फळी घेऊन ८ मि.मी. रुंदीचे दाते पाडले तर एका कोपऱ्यात दोन्ही फळ्यांचे मिळून १५ दाते बसतात. त्यांच्यामध्ये १४ ठिकाणी बाजू भिडतात आणि प्रत्येक ठिकाणचे क्षेत्र १२ × १२ म्हणजे १४४ चौरस मि.मी. असते. एकूण २,०१६ चौरस मि.मी. एवढे चांगले चिकटणारे पृष्ठ मिळते. साध्या टेकवून केलेल्या सांध्यात १,४४० चौरस मि.मी. मिळते आणि तेही उघड्या तोंडाचे. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगते ते मुख्यतः रुंदीच्या दिशेने. येथे दोन्ही फळ्यांची रुंदी एकाच दिशेला असल्यामुळे त्या बरोबरीने फुगतात व सांध्यावर ताण येत नाही. मधमाश्या पाळण्याच्या लँगस्ट्रॉथ पद्धतीच्या पेट्या बारमाही उन्हापावसात उभ्या असतात. त्यांचे कोपरे पुष्कळदा ह्याच सांध्याने जोडलेले आढळतात.

अडचण आहे ती कापण्याची. वर दिलेल्या मापाच्या पेटीला चार कोपरे, म्हणजे एकूण ६० खाचा आणि खाचांच्या ११२ भिंती. प्रत्येक भिंत सरळ हवी, काटकोनात हवी आणि समोरच्या दात्याशी केसभर अंतरानेच जुळावयास हवी. मुरलेला सुतार करवत व पटाशी घेऊन हे काम करतो. परंतु तो हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेला असतो. शाळेच्या कर्मशाळेतील विद्यार्थ्याच्या हातून ६० खाचांपैकी ५० साधतात आणि उरलेल्या दहा पेटी बिघडवितात.

साच्याची कल्पना

जे काम पुन्हा पुन्हा एकाच मापाने करावयाचे, त्यातील अचूकपणा कारागिराच्या हातातून काढून साधनात घालावा, ही कल्पना यंत्रयुगाच्या आरंभी मोठ्या प्रमाणावर अमलात आली. तिचे प्रसिद्ध उदाहरणही लाकूडकामाचेच आहे. शिडाच्या एका मोठ्या लढाऊ जहाजाला दोरखंडांसाठी सुमारे एक हजार कप्प्या लागत आणि त्या हातांनी घडवाव्या लागत. मार्क ब्रुनेल ह्याने ह्या कामासाठी यंत्रांची एक मालिका आखली. हेन्री मॉडस्ले ह्याने ती यंत्रे धातूत घडविली आणि इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या गोदीत १९ व्या शतकाच्या पहिल्या दशकात ती चालू झाली. १८०८ च्या सुमारास तेथे वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या, आणि पूर्वी ११० कारागिरांना लागणारे काम दहा माणसे करू लागली. ही दहा माणसे निष्णात कारागीर असण्याची गरज नव्हती. लाकडाचा ठोकळा कोठे धरावयाचा आणि पाते कोठवर जावयाचे, हे यंत्रातील पकडी व अडसर आधीच ठरवून देत.

काम धरून ठेवणारे व हत्याराला वाट दाखविणारे असे जे साधन, त्याला कारखान्यात ‘जिग’ म्हणतात. ‘साचा’ हा शब्द ओतकामातील साच्यासाठीही वापरला जातो. येथे मात्र तो जिग ह्याच अर्थाने घेतला आहे. असा साचा पोलादाचाच असावा लागतो असे नाही. प्लायवूडचे चार तुकडे, एक बोल्ट आणि शिसवाची एक खुंटी एवढ्या साहित्यात तो होतो.

राउटर

राउटर हे खाच व चर कोरण्याचे विजेवरचे हत्यार आहे. त्याचा पूर्वज हातरंध्याच्या कुळातला होता. एका ठोकळ्यातून खाली डोकावणारे एकच आखूड पाते, असे त्याचे रूप असे. इंग्रज सुतार त्याला गमतीने ‘म्हातारीचा दात’ म्हणत. विजेचे, हातात धरता येण्याजोगे राउटर पहिल्या महायुद्धाच्या काळापासून प्रचारात येऊ लागले. न्यूयॉर्क राज्यातील कार्टर ह्याच्या कंपनीने ते लोकप्रिय केले आणि १९२९ मध्ये ही कंपनी स्टॅन्लीने विकत घेतली.

राउटरचे पाते मिनिटाला २४,००० फेरे करीत असेल तर सेकंदाला ४०० फेरे होतात. ८ मि.मी. व्यासाच्या पात्याचा परीघ सुमारे २५ मि.मी. असतो, म्हणजे त्याची धार सेकंदाला सुमारे १० मीटर, अर्थात ताशी ३६ कि.मी. वेगाने लाकडाला भिडते. पात्याला दोन धारा असतील आणि लाकूड मिनिटाला दोन मीटर सरकविले, तर प्रत्येक धार सुमारे ०.०४ मि.मी. जाडीचा छिलका काढते. वहीच्या कागदाची जाडी ह्याच्या दुपटीहून अधिक असते. इतक्या पातळ छिलक्यामुळेच कापलेली भिंत गुळगुळीत निघते. मात्र हात फार मंदावला तर छिलक्याऐवजी भुकटी निघते, घर्षणाने पाते तापते आणि लाकूड काळे पडते. सागवानात वाळूच्या जातीचे सिलिकाचे कण असल्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर बोथटते. त्यासाठी कार्बाइडचे तुकडे डकविलेले पाते घ्यावे.

साचा घडविणे

आधी एक छोटे मेज हवे. १८ मि.मी. जाडीच्या प्लायवूडची ६०० × ३०० मि.मी. मापाची फळी घेऊन तिच्या लांब कडा एकमेकींशी तंतोतंत समांतर कराव्या. (बाजारात प्लायवूडची लांबीरुंदी अजून फुटांत आणि जाडी मिलिमीटरांत सांगतात आणि सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतो. ह्या कामी तीनही मापे मनात न मिसळता केवळ मिलिमीटरांना धरून चालावे.) फळीच्या मध्यभागी, तळाच्या बाजूने, राउटरची बैठक मावेल एवढी जागा कोरून तेथे जाडी सुमारे ८ मि.मी. ठेवावी. तेथेच २५ मि.मी. व्यासाचे आरपार भोक पाडावे आणि राउटर उलटा करून त्याच्या बैठकीतील मूळच्या स्क्रूंच्या जागी नव्या स्क्रूंनी खालून टांगावा. आता पाते मेजातून वर डोकावेल.

ह्या मेजावर पुढेमागे सरकणारा पाट ६ मि.मी. प्लायवूडचा करावा. त्याच्या तळाला कठीण लाकडाच्या दोन पट्ट्या अशा बसवाव्या की त्या मेजाच्या दोन्ही लांब कडांना बाहेरून बिलगतील. पाट सहज सरकला पाहिजे, पण आडवा मुळीच हलता कामा नये. पट्ट्यांना मेण चोळल्यास पाट हलका चालतो. पाटावर १८ मि.मी. प्लायवूडची सुमारे १०० मि.मी. उंच आधारफळी उभी चिकटवावी. ती पाटाशी आणि सरकण्याच्या दिशेशी, दोन्हीकडे काटकोनात असली पाहिजे. येथे घाई करू नये. गुण्या दोन्ही बाजूंनी लावून पाहावा, कारण ह्या एका कोनात राहिलेला फरक पुढे प्रत्येक खाचेत उतरेल. आधारफळीच्या मागे, पाते जेथून बाहेर येईल तेथे, ५० मि.मी. जाडीचा लाकडी ठोकळा घट्ट चिकटवावा. हा ठोकळा कापण्याच्या कामाचा नाही, हात वाचविण्याच्या कामाचा आहे. आधारफळी ओलांडल्यावर पाते त्याच्यात शिरते आणि झाकलेलेच राहते. पाट त्याही पुढे जाऊ नये म्हणून मेजावर एक अडसर ठोकावा.

आधारफळीच्या पुढच्या अंगाला १२ मि.मी. प्लायवूडची दुसरी, सरकती फळी दोन बोल्टांनी जोडावी. बोल्टांची भोके लांबट ठेवावी म्हणजे ही फळी डावीउजवीकडे थोडी हलविता येईल. राउटर चालू करून पाट एकदा पुढे ढकलला की दोन्ही फळ्यांत पात्याच्या रुंदीची खाच पडेल. ह्या खाचेच्या उजव्या हाताला, तिच्यापासून बरोबर ८ मि.मी. अंतरावर, सरकत्या फळीच्या तळाशी शिसवाची खुंटी बसवावी. ती ८ मि.मी.हून किंचित अरुंद आणि पात्याच्या उंचीहून किंचित ठेंगणी असावी आणि फळीच्या पुढे सुमारे ३० मि.मी. यावी.

खुंटी उजवीकडेच का, हा प्रश्न रास्त आहे. उलटा टांगलेला राउटर वरून पाहिला तर पाते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. लाकूड आपल्यापासून दूर ढकलताना पात्याची आपल्याकडील बाजू ते कापते आणि त्या बाजूची धार डावीकडून उजवीकडे धावत असते. म्हणून ती लाकडाला उजवीकडे रेटते. खुंटी उजवीकडे असली की हा रेटा लाकडाला खुंटीवर घट्ट टेकवितो. डावीकडे असती तर तोच रेटा प्रत्येक खाचेच्या वेळी लाकूड खुंटीपासून सोडवू पाहील.

ह्याच कारणाने जुळणीचा बोल्टही उजवीकडे ठेवावयाचा. आधारफळीच्या उजव्या टोकाला एक ठोकळा चिकटवून त्यात ६ मि.मी.चा नट पक्का बसवावा आणि त्यातून जाणाऱ्या बोल्टाचे टोक सरकत्या फळीच्या उजव्या कडेला टेकवावे. ६ मि.मी.च्या साध्या मेट्रिक बोल्टावर दोन आट्यांमधील अंतर १ मि.मी. असते. म्हणून बोल्ट एक पूर्ण फेरा फिरविला की खुंटी १ मि.मी. सरकते, आणि फेऱ्याचा दहावा भाग फिरविला की ०.१ मि.मी. बोल्टाच्या डोक्यावर पुठ्ठ्याची चकती चिकटवून तिचे दहा भाग पाडले तर घरच्या घरी एक बऱ्यापैकी सूक्ष्ममापक तयार होतो.

कापण्याची रीत

पाते पाटाच्या वर फळीच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर अधिक येईल असे लावावे. पेटीच्या चारही फळ्यांच्या खालच्या कडेवर खूण करावी. पहिली फळी उभी धरून तिची खुणेची कड खुंटीला टेकवावी, फळी सरकत्या फळीशी क्लँपने आवळावी आणि पाट पुढे ढकलावा. पहिली खाच पडली. आता ती खाच खुंटीवर बसवून दुसरी कापावी, दुसरी खुंटीवर बसवून तिसरी, असे दुसऱ्या कडेपर्यंत जावे. समोरासमोरच्या दोन फळ्या एकत्र आवळून एकदमच कापल्या तर वेळ निम्मा लागतो आणि दोन्ही अगदी एकसारख्या होतात.

जिची फळी ह्या फळीशी जुळावयाची तिची सुरुवात दात्याने न होता खाचेने व्हावयास हवी. त्यासाठी आधी कापलेली फळी उलटी फिरवून तिची पहिली खाच खुंटीवर बसवावी. मग तिचा पहिला दाता खुंटी व पाते ह्यांच्यामधील जागा नेमकी भरून काढतो. त्याला लागून नवी फळी उभी करून पहिली खाच कापावी, मग जुनी फळी काढून पूर्वीप्रमाणे पुढे जावे. ह्या सर्व कामात मोजपट्टी एकदाही लागत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाते हेच खाचेचे माप आणि खुंटीचे अंतर हेच दात्याचे.

पाते बदलताना किंवा उंची लावताना राउटरचा प्लग भिंतीतून काढलेला असावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. बोटे क्लँपच्या पलीकडे, डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर भुकटी रोखणारा मुखवटा, हे नियम विद्यार्थ्यांकडून कटाक्षाने पाळून घ्यावेत. लाकडाची भुकटी श्वासावाटे दीर्घकाळ शरीरात गेल्यास ती कर्करोगास कारण होते, असा निर्णय कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये दिला आहे.

चूक आणि तिची दुरुस्ती

असा साचा केल्यावर सांधा पहिल्याच खेपेस जुळेल अशी अपेक्षा बहुतेकांची असते, आणि बहुतेकांची निराशा होते. साचा चूक नाहीशी करीत नाही. तो चुकीचे रूप पालटतो. हाताने कापताना एक खाच रुंद, दुसरी अरुंद, तिसरी तिरपी असे होते. प्रत्येक चूक निराळी असते आणि प्रत्येकीचा निराळा बंदोबस्त करावा लागतो. साच्यातून निघालेल्या साऱ्या खाचांत एकच चूक, एकाच मापाने उतरते. जी चूक सर्वत्र सारखी आहे ती मोजता येते आणि एकाच ठिकाणी सुधारता येते.

खुंटी पात्यापासून ८ ऐवजी ८.१ मि.मी. वर बसली आहे असे समजा. मग प्रत्येक दाता ८.१ मि.मी.चा होईल, पण खाच ८ मि.मी.चीच राहील, कारण ती पात्याने ठरते. दाते खाचांत जाणार नाहीत. हातोडीने ठोकून बसवू गेल्यास कडेचे दाते तुटतील. येथे बोल्ट फेऱ्याचा दहावा भाग आत फिरवावा, खुंटी पात्याकडे ०.१ मि.मी. सरकेल आणि सर्व दाते एकदम तेवढ्याने अरुंद होतील. उलट, सांधा ढिला असेल तर फटीत कागदाच्या पट्ट्या घालून पाहाव्या. लिहिण्याचा साधा कागद सुमारे ०.१ मि.मी. जाड असतो. दोन पट्ट्या मावल्या तर दाता खाचेहून ०.२ मि.मी. अरुंद आहे, हे समजते. मग बोल्ट बाहेर काढून सरकती फळी त्याला टेकेपर्यंत मागे घ्यावी. ही चाचणी त्याच फळीच्या दोन तुकड्यांवर करावी, पेटीच्या फळ्यांवर नव्हे. सरसाला थोडी जागा लागतेच. एक पट्टी मावेल इतका सैलपणा योग्य समजावा.

परंतु हा योग्य सैलपणाही एक लहानसा हिशेब मागे ठेवतो. दाता ७.९ आणि खाच ८ मि.मी. असेल तर एका जोडीची रुंदी १६ ऐवजी १५.९ मि.मी. होते. सात जोड्यांनंतर हा फरक ०.७ मि.मी. पर्यंत साचतो. १२० मि.मी. रुंदीच्या ज्या फळीची सुरुवात खाचेने झाली तिची आठवी खाच १११.३ मि.मी. वर सुरू होऊन ११९.३ वर संपते आणि कडेला ०.७ मि.मी.चा पातळ पापुद्रा उरतो. म्हणून फळ्या आरंभी तीन मिलिमीटर अधिक रुंद ठेवाव्या, खाचा कडेच्या बाहेर जाईपर्यंत कापाव्या आणि सांधा जुळल्यावर वरची कड रंध्याने उतरवावी.

हा साचत जाणारा फरक सांध्याला मात्र बाधत नाही. दोन्ही फळ्या खुणेच्या कडेपासून कापल्या असल्यामुळे दोहोंतही तो सारखाच साचतो. एकीची पाचवी खाच जेवढी सरकली तेवढाच दुसरीचा तिच्यात बसणारा दाताही सरकलेला असतो. खालच्या कडेवर खूण करण्याचा आग्रह एवढ्याचसाठी धरावयाचा. एखादी फळी चुकून वरच्या कडेपासून कापली गेली तर खालच्या कडा एका पातळीत धरल्यावर तिचे दाते व खाचा दुसरीशी जुळणार नाहीत.

चिकटविताना सरस दात्यांच्या बाजूंना पातळ लावावा, पेटीचे दोन्ही कर्ण मोजून ते समान आहेत हे पाहावे आणि मगच क्लँप आवळावे. पाण्यात मिसळलेल्या सरसाने दाते काही मिनिटांतच फुगू लागतात. तेव्हा चारही कोपरे आधी कोरडेच जुळवून पाहिलेले असावेत. सरस वाळल्यावर अर्धा मिलिमीटर पुढे आलेली दात्यांची टोके रंध्याने सपाट करावी. रंधा कोपऱ्याकडून आत चालवावा. बाहेरच्या दिशेने चालविला तर शेवटचे तंतू उचकटतात.

पाते बोथट झाले व त्याला पुन्हा धार लावली म्हणजे त्याचा व्यास किंचित कमी होतो. ८ मि.मी.चे पाते ७.९ मि.मी.चे झाले तर खाचा त्या मानाने अरुंद होतील आणि काल जुळणारे दाते आज खाचांत शिरणार नाहीत. म्हणून धार लावल्यानंतर दरवेळी टाकाऊ फळीचे दोन तुकडे घेऊन चाचणी प्रथमपासून करावी. सरकत्या फळीतील खाच वारंवारच्या जुळणीने रुंदावली असेल आणि लाकडाच्या मागील कडा उचकटू लागल्या असतील तर तेवढी फळीच नवी करावी; बाकीचा साचा तसाच उपयोगी पडतो.